पिवळी कड

ऑफिसात तिला सगळे रंगारीण म्हणत. गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत दहा वर्षं तिचं काम एकच: खेळणाऱ्याला त्याच्या नकळत वाट दाखवायची. चढता येईल त्या दगडाच्या कडेला पिवळा हात मारायचा, पक्क्या शिडीला मळकट पिवळी चिंधी बांधायची, खऱ्या दाराशी पिवळा दिवा लावायचा. गडी आपल्याच अकलेनं पोचलो म्हणून खूश.

त्या वाटेची परीक्षा घरी, सासूबाईंवर. त्या कंट्रोलर गरम भांड्यासारखा धरत, आणि भिंतीवर आदळल्या की म्हणत, “सूनबाई, तुझी वाट चुकलीय, माझी नाही.” ती मुकाट्यानं रंग बदलायची.

यंदाच्या गेमच्या, बनवणाऱ्यांच्या नामावलीत ‘रंगयोजना’पुढं साहेबांचं नाव लागलं. तिचं कुठंच नाही. विचारायला गेली, तर साहेब चारचौघांत म्हणाले, “पिवळं फासायला काय लागतं गं? उलट काढून टाक ते. भडक दिसतंय. माझा गेम त्याच्यावाचून कळतो.”

“सगळं काढू?”

“सगळं.”

“मेल टाकता, साहेब? मागनं माझ्या डोक्यावर नको.”

साहेबांनी हसत हसत मेल टाकला. तिनं कडा, चिंध्या, दिवे, एकेक करून सगळं पुसलं. बाकीच्यांना वाट पाठ, त्यांना पत्ताही लागला नाही. साहेब मात्र कायम दुसऱ्याच्या पाठीशी उभं राहून सूचना करणारे; स्वतः कधी खेळलेच नव्हते. आणि परवा गेमच्या अनावरणाला भरल्या सभागृहात तेच खेळून दाखवणार होते.

घरी सासूबाई अर्धा तास एकाच विहिरीभोवती फिरल्या. “हे काय करून ठेवलंस?”

“साहेबांसाठी केलंय.”

सासूबाईंनी चष्म्यावरनं तिच्याकडं पाहिलं. “मग झकास झालंय.”

सभागृहात साहेब ऐटीत म्हणाले, “इथनं वर जायचं,” आणि नायक सरळ दरीत गेला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांच्या मानेवरनं घाम ओघळला. माईक चालूच होता. “अगं ए, वाट कुठंय? सांग की.”

ती जागची हलली नाही. शेजारी बसलेल्या कंपनीच्या मालकीणबाई तिच्याकडं वळल्या. “तुला माहितीय?”

“मला कसं असेल, मॅडम? रंगांपुढं नाव साहेबांचं आहे.”

“आणि काम कुणाचं?”

तिनं घाई केली नाही. साहेबांना आणखी दोनदा दरीत पडू दिलं, आणि मग म्हणाली, “माझं.”