ओदीलियाने बुर्ग पेटवला

आमच्या देशात कायदा फ्रेंचमध्ये लिहितात, पेपर जर्मनमध्ये वाचतात आणि भांडतात ते आमच्या लक्झेम्बर्गी बोलीत. आमच्या राजाला, म्हणजे ग्रँड ड्यूकांना, हे मान्य आहे, आम्हालाही आहे. फक्त कुणाशी काय बोलायचं हे आम्ही समोरच्याचं तोंड बघून ठरवतो, आणि तिथेच आमचं घोडं पेंड खातं.

ओदीलिया टेशेइरा आमच्या गावात, हाल्सबाखला, आली तेव्हा तिचा थोरला कडेवर होता. नवरा आमादेऊ रस्त्याच्या कामावर गवंडी. पोर्तुगालच्या डोंगरातली माणसं, कामाला वाघ. आमादेऊ लवकर गेला, पण ही बाई रडत बसली नाही. आधी शाळा झाडली, मग शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलं. पोरांना वाढता वाढता तिने आमची बोली अशी उचलली की शिव्यासुद्धा आमच्याच चालीवर द्यायची. गावातली निम्मी तरणी पिढी तिच्या हातचं खाऊन आणि तिची बोलणी खाऊन वाढली आहे.

पण मोठी माणसं? पोस्टात, बेकरीत, चर्चच्या पायरीवर, तिचं सावळं तोंड दिसलं की जीभ आपोआप फ्रेंचकडे वळायची. "बोंजूर मादाम, कशा आहात तुम्ही?" ती आमच्या बोलीत उत्तर द्यायची, हे पुन्हा फ्रेंचमध्ये. शेवटी तिने नाद सोडला. आपसात आम्ही सगळे अरे-तुरे, ही मात्र जन्मभर मादाम. सरपंच कामिल तर तिच्याशी असं साजूक फ्रेंच बोलायचा की जणू ती काल संध्याकाळच्या गाडीने उतरली आहे.

आणि बुर्गचं सूप तिचंच. ईस्टरआधीच्या उपवासाच्या पहिल्या रविवारी आम्ही टेकडीवर पेंढा आणि वाळलेली ख्रिसमसची झाडं रचतो, वर लाकडी क्रूस उभा करतो आणि सगळा हिवाळा जाळून टाकतो. त्या ढिगाला म्हणायचं बुर्ग. तो पेटवायचा मान गावात सगळ्यांत शेवटी लग्न झालेल्या जोडप्याचा. सगळं गाव मशाली घेऊन वर जायचं आणि ओदीलिया खाली बंबखान्यामागे वाटाण्याचं सूप ढवळत बसायची, कारण सूप सोडलं की तळाला लागतं. इतकी वर्षं या गावात राहून तिने बुर्ग जवळून पाहिला नव्हता. आभाळ लाल झालं की ती म्हणायची, "पेटला वाटतं," आणि कांदा चिरायला घ्यायची. मला तिची ही गोष्ट फार लागायची.

त्या सूपाच्या पातेल्यापाशीच फिर्मिन रेंगाळायला लागला. फिर्मिन म्हणजे डेअरीची दुधाची गाडी चालवणारा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, गुडघे दुखरे, मन लोण्याचं. त्याचं फ्रेंच दुसऱ्या वाक्याला संपतं, म्हणून मागणी त्याने आमच्या बोलीतच घातली. "ओदीलिया, मला एकट्याने जेवायचा कंटाळा आला गं. तू येतेस का?" ती मला नंतर म्हणाली, "जोसेट्ट, त्याने काय विचारलं याच्या आधी त्याने कुठल्या बोलीत विचारलं तेच बघत बसले मी."

फेब्रुवारीत लग्न झालं. लावलं कामिलनेच, कचेरीत, ग्रँड ड्यूकांच्या तसबिरीखाली, कायद्याच्या खणखणीत फ्रेंचमध्ये. सह्या झाल्या, शॅम्पेन उडाली, आणि कचेरीच्या पायऱ्या उतरताना सरपंचाच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या फाबियेनचं लग्न ऑक्टोबरात झालं होतं. बुर्ग तिचाच म्हणून त्याने फोटोग्राफर सांगून ठेवला होता, सासरचं खटलं जेवायला बोलावलं होतं. आणि आता स्वतःच्याच हाताने त्याने लेकीचा मान काढून दिला होता.

त्याच आठवड्यात बुर्गची बैठक माझ्या कॅफेत भरली. ओदीलिया आणि फिर्मिनलाही बोलावलं होतं. कामिल तिच्याकडे झुकून फ्रेंचमध्ये म्हणाला, "मादाम, टेकडी चढायला अवघड, वर वारा फार. शिवाय तुमच्या सूपाशिवाय आम्ही काय करणार? तुमची काळजी वाटते, एवढंच." मग आमच्याकडे वळून आमच्या बोलीत, "अरे, बुर्ग तरण्या जोडप्यांसाठी असतो. त्यातून घरात पाळणा हलायचा असतो. हिच्या घरात काय हलणार, फिर्मिनचे दात?"

दोघं-तिघं फिदीफिदी हसले. फिर्मिन लाल झाला, उठायलाच लागला. ओदीलियाने त्याला दंड धरून खाली बसवलं.

"कामिल," ती आमच्या बोलीत म्हणाली, "तू माझ्याशी फ्रेंचमध्ये गोड बोलतोस आणि या लोकांशी आपल्या बोलीत खरं बोलतोस. मला आता गोड पुरे झालं. मान माझा आहे की नाही, तेवढं खरं सांग."

कामिलने तोंड उघडलं आणि सवयीने निघालं ते फ्रेंचच. "पण मादाम..."

असा हशा पिकला की विचारू नका. मी तर बिअरचा नळ बंद करायला विसरले. कामिलचे कान टोमॅटोसारखे झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरून फाबियेन उठली. "बाबा, पुरे. माझं लग्न आधी झालं, हिचं नंतर. यात बैठक कसली घेता? बुर्ग ओदीलियाचा. सूप मी करते."

"तुला सूप येतं?" ओदीलियाने विचारलं.

"नाही. जोसेट्ट आहे ना."

म्हणजे गळ्यात माझ्या! पण खरं सांगते, इतक्या आनंदाने मी कधी काही गळ्यात घेतलं नाही.

रविवारी अंधार पडला तशी मशालींची रांग टेकडीवर निघाली. मी फाबियेनच्या नवऱ्याला पळीपाशी उभं केलं आणि वर पळाले. ओदीलियाने आमादेऊच्या वेळचा काळा कोट घातला होता, गळ्यात फिर्मिनने घेतलेला लाल मफलर. बुर्ग आमच्या घरांपेक्षा उंच. कामिलने मशाल तिच्या हातात दिली. फिर्मिनने तिच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी ती पेंढ्यात खुपसली.

आधी नुसता धूर. मग वारा फिरला आणि आग एका दमात क्रूसापर्यंत चढली. गाव ओरडलं, बँड सुरू झाला. फिर्मिन मागे सरकला. ती सरकेना. तोंड वर करून बघतच राहिली, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मफलरचं टोक वाऱ्याने आगीकडे उडत होतं.

"अगं ए ओदीलिया!" कामिल आमच्या बोलीत बोंबलला. "मागे हो की! मफलर पेटेल तुझा, येडे!"

ती वळली. "काय म्हणालास?"

"मागे हो म्हटलं! बहिरी झालीस का?"

"आता कसं!" ती म्हणाली, आणि अख्ख्या टेकडीवर ऐकू जाईल एवढ्याने हसली. कामिल क्षणभर बावळटासारखा बघत राहिला, मग त्यालाही कळलं. त्याने पुढे होऊन तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि तसाच धरून उभा राहिला. क्रूस कोसळला तेव्हा मीही ढसाढसा रडत होते, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

खाली आलो तर सूप तळाला लागलेलं. ओदीलियाने गावासमोर एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"जोसेट्ट, असलं सूप आपल्या गावात चालायचं नाही."

"मुकाट्याने खा," मी म्हटलं.

आणि तिने वाडगा चाटूनपुसून संपवला.