सहीखालची रेघ

पेन्शन महिन्यातून एकदाच येते, किस्से मात्र रोज आठवतात. माझे निम्मे किस्से एकाच माणसाचे: आमचे भाऊसाहेब. आधी आमदार, मग मंत्री, शेवटी विजेचे दर ठरवणाऱ्या आयोगाचे सदस्य. पहिल्या दोन ठिकाणी मी त्यांचा कारकून, तिसऱ्या ठिकाणी प्रेक्षक.

*

आमदार असताना ढाणकीजवळच्या एका तांड्यावर सभा होती. तांड्याचा नायक रामधन उठला.

"भाऊ, आमची विजेची डीपी लहान आहे. दर उन्हाळ्यात जळते, नळाची मोटर बंद पडते. बाया कोसावरून पाणी आणून राह्यल्या. मोठी डीपी द्या."

"आठ दिवसांत देतो!" भाऊ गरजले. टाळ्या पडल्या. कोणते आठ दिवस, हे कोणी विचारलं नाही.

*

मंत्री झाल्यावर भाऊंनी एकाही अर्जाला नकार दिला नाही! प्रत्येकावर 'तातडीने कार्यवाही करावी' असा शेरा आणि सही. सहीखाली रेघ असली तर काम करायचं, नसली तर अर्ज फायलीत झोपवायचा. ही खूण जिल्ह्यातल्या सगळ्या ऑफिसांना पाठ होती, जनतेला सोडून.

रामधन आपला अर्ज कपाळाला लावून गेला.

"भाऊ, रेघ राहिली," मी हळूच म्हटलं.

"राह्यली नाही, बाबू. तांड्याची मतं आपलीच आहेत. पक्क्या भिंतीले कायले टेकू लावतं?"

*

यवतमाळला 'भारनियमन संपलं' हे जाहीर करतानाच लाइट गेली, माईक बंद. भाऊ अडले नाहीत. "पाहा, विजेची बचत मी माझ्यापासून सुरू केली!"

*

आयोगावर गेल्यावर भाऊंना एकदम कायदा आठवला. जनसुनावणीत रामधन उभा राहिला. "भाऊ, ते डीपीचं..."

"इथं मी भाऊ नाही. फक्त दरावर बोला."

"बरं साहेब. जे वीज येतच नाही, तिचा दर काय राहीन?"

हॉल हसला. भाऊ गंभीरपणे म्हणाले, "सूचना नोंदवून घेतली."

*

निवृत्तीनंतर भाऊंनी तांड्याला लागूनच केळीची बाग घेतली. मोटर त्याच डीपीवर! ऐन उन्हाळ्यात डीपी जळली, केळी माना टाकू लागली. भाऊ अर्ज घेऊन अभियंत्याकडे निघाले, सोबत मी अन् रामधन. आम्ही दोघं बाहेर थांबलो; तिथं मी त्याला त्याच्या जुन्या अर्जाचं खरं काय ते सांगून टाकलं.

तरुण अभियंत्याने भाऊंना खुर्ची दिली, चहा पाजला आणि अर्जावर तिथल्या तिथे शेरा मारला. भाऊ खुशीत बाहेर आले. चष्मा गाडीत राहिला होता. कागद रामधनच्या हाती दिला.

"वाच रे नायक, काय लिहिलं त्यानं?"

रामधनने कागद वरपासून खालपर्यंत सावकाश पाहिला.

"'तातडीने कार्यवाही करावी.' लिहिलं तं झकास आहे, भाऊ. पण सहीखाली रेघ नाही!"