जाळीच्या दाराआडून प्रार्थना

करंज्यांची पिशवी माझ्या ड्रममध्ये पडली तेव्हा टीचरचं दार बंद होतं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. वडगाव शेरीतली सोसायटी, तिसरा मजला. नेहमीसारखी मी त्यांची ओल्या कचऱ्याची बादली उचलली आणि ड्रममध्ये पालथी केली. चहाचा चोथा, पालकाची देठं, अंड्यांची टरफलं. तळाला काहीतरी अडकलं होतं म्हणून बूड ठोकलं. पिशवी पडली. तोंडाला तांबडी लोकर. गाठ जशीच्या तशी.

ती गाठ माझ्या आईनं मारली होती. जुना स्वेटर उसवून तिनं लोकर काढली, तुकडे केले आणि एकेका पिशवीला बांधत बसली. तिची बोटं वाकडी झालीत, आयुष्यभर झाडू धरून. एक गाठ मारायला तिला किती वेळ लागतो ते मी बघितलंय.

मी पिशवी उचलली. तेवढ्यात आतलं लाकडी दार उघडलं. बाहेरचं जाळीचं दार बंदच. जाळीमागे टीचर. नवी साडी, नुकतेच धुतलेले केस.

"मेरी ख्रिसमस गं. काल सुट्टी घेतलीस, बरं केलंस. आणि फराळ छान होता हो. आईला सांग, करंज्या अगदी खुसखुशीत झाल्या होत्या."

पिशवी माझ्या हातात होती. ड्रमच्या काठाखाली.

"सांगते," मी म्हणाले.

"आणि रविवारी येतेस ना? आमच्या भगिनी मंडळात तुझी साक्ष ठेवली आहे. चल, दोन शब्द प्रार्थना करू."

त्यांनी जाळीमागे हात वर केला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हे पित्या, या आमच्या बहिणीचं ओझं हलकं कर." मीही डोळे मिटले. एका हातात आईच्या करंज्या, दुसऱ्या हातात त्यांची बादली. आणि शेवटी मी आमेन म्हणाले. त्या आमेनचा मला आजही राग येतो.

मी घरोघरचा कचरा गोळा करते. आई रस्ते झाडायची. आम्ही ख्रिस्ती, आजोबांच्या वेळेपासून. नगर जिल्ह्यातल्या एका गावात, गावाबाहेरच्या वस्तीवर त्यांचा बाप्तिस्मा झाला. धर्म बदलला, झाडू तोच राहिला. आता येरवड्याच्या वस्तीत राहतो. तिथं पत्र्याच्या एका खोलीत आमची उपासना होते. आमचे पाळक आठवडाभर रिक्षा चालवतात आणि रविवारी उपदेश करतात.

रोज पहाटे मी निघाले की आई उंबऱ्यापाशी येते. एकच वाक्य म्हणते. "जा. त्यो म्होरं गेलाय." म्हणजे प्रभू तुझ्या आधी तिथं पोचलाय, घाबरू नको. लहानपणी ती झाडायला निघाली की हेच स्वतःशी म्हणायची. मी ते ऐकत वाढले. त्याच्यावर माझं पोट भरत नाही, पण पाय उचलतात.

या सोसायटीत काम लागलं तेव्हा लिफ्टशेजारी पाटी होती. "कचरा लिफ्टने नेऊ नये. जिने शोभेसाठी बांधलेले नाहीत." आजही आहे. मी जिन्यानं जाते. लोक वाईट नाहीत म्हणे. डायपर कागदात न गुंडाळता टाकतात आणि काही बोललं की म्हणतात, "मग तुम्ही कशाला आहात?" नाव कुणी विचारत नाही. "कचरा आला" म्हणतात. कचरा तर त्यांच्याच घरात असतो, येते ती मी.

तिथल्या पहिल्या डिसेंबरात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कागदाची चांदणी लागलेली दिसली. दारावर लाकडी क्रूस. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. वॉचमन म्हणाला, त्या टीचर, शाळेतून रिटायर झाल्यात, सगळे टीचरच म्हणतात. मी बादली खाली ठेवली, हातमोजे काढले आणि बेल वाजवून म्हटलं, "सलाम, टीचर." आमच्यात सलाम म्हणतात. त्या चपापल्या. मग म्हणाल्या, "अगंबाई, तू आपल्यातली?"

आपल्यातली. त्या एका शब्दावर मी कितीतरी वर्षं ते जिने चढले.

त्या मला बहीण म्हणायच्या. माझा नवरा वारला तेव्हा जाळीमागून त्यांनी प्रार्थना केली होती, त्याचं नाव घेऊन. मला धीर आला होता. खोटं कशाला बोलू? त्या इमारतीत माझ्या माणसाचं नाव घेणारं ते एकच दार होतं. रोज म्हणायच्या, हिचं ओझं हलकं कर. आता, त्यांनी ओला-सुका वेगळा केला असता तरी पुष्कळ हलकं झालं असतं. पण तेव्हा असलं काही मनात आलं की मला पाप केल्यासारखं वाटायचं. जाळीचं दार एकदाही उघडलं नाही हेही तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

फराळाचं डोकं आईचं. नाताळला आम्ही दिवाळीसारखाच फराळ करतो. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या. आणि तो वाटल्याशिवाय आमचा नाताळ होत नाही. वस्तीत वाटायचोच. औंदा आई म्हणाली, "तुझ्या बिल्डिंगीतबी दे. टीचरबाईला तर दिलाच पायजे. आपल्यातली हाय ती."

नाताळच्या आदल्या दिवशी काम उरकलं, वॉचमनच्या नळावर साबणानं हात धुतले, बरोबर नेलेली धुतलेली साडी नेसले आणि पुन्हा सगळे जिने चढून दारोदार पिशव्या दिल्या. टीचरनी जाळीच्या दारातल्या लहानशा खिडकीतून दोन बोटांनी घेतली. मला वाटलं, घाईत असतील.

त्या सकाळी बाकीच्या मजल्यांवरही तांबडी लोकर सापडली. खालच्या मजल्यावर सापडली, वरच्याही. वाईट वाटलं. पण त्या लोकांकडून मी काही धरूनच चालले नव्हते. टीचरकडून धरलं होतं.

खाली शेडमध्ये शेवंता कचरा निवडत होती. आम्ही दोघी एका गाडीवर. ती ख्रिस्ती नाही, देवाधर्माचं तिला फारसं नाही. मी बाजूला ठेवलेल्या पिशव्या तिनं बघितल्या.

"टाकल्या व्हय गं?"

"हं."

"तुझ्या टीचरनंबी?"

मी मान हलवली. एरवी शेवंताच्या तोंडाला कुलूप नसतं, शिव्यांची लाखोली वाहते. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "माझी पिशवी म्या हितंच बसून संपवली. पोरांनासुदिक ठेवली न्हाई." आणि तिच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या पुढ्यात सरकवली. आम्ही तिथंच बसून खाल्ली.

टीचरची पिशवी मला खताच्या खड्ड्यात टाकवेना. जेवणाच्या पिशवीत तळाला ठेवून घरी आणली. का आणली, माहीत नाही.

आई वाटच बघत होती. "टीचरबाई काय म्हणाल्या?"

"खुसखुशीत झाल्या म्हणाल्या." हे खोटंही नव्हतं.

ती खुलली. स्वतःशीच काहीतरी बोलत माझा डबा घासायला घ्यायला उठली, आणि डब्याखालची पिशवी तिच्या हाताला लागली. तांबडी लोकर तिनं ओळखली. पिशवीला लागलेला चहाचा चोथाही बघितला. खाली बसली, पिशवी पदरानं पुसली आणि आपणच मारलेली गाठ सोडवायला लागली. खूप वेळ लागला. मी मदत केली नाही, हलताच येईना. गाठ सुटली. तिनं एक करंजी काढली, वास घेतला आणि तोंडाला लावली.

मी तिचा हात धरला. "आई, कचऱ्यातली आहे ती."

"कचऱ्यात त्यांनी टाकली. म्या न्हाई टाकली."

"अगं पण..."

"माझ्या हातची हाय. गाठबी सुटली न्हवती. म्या का टाकू?"

माझा हात बाजूला करून तिनं ती करंजी खाल्ली. दात थोडेच उरलेत, सावकाश खाल्ली. रडली नाही. रडले मी, आणि दुःखानं नाही, संतापानं. टीचरवर नंतर. आधी स्वतःवर. आईच्या हातची वस्तू बंद पिशवीत होती, चांगली होती, आणि मीच तिला कचरा म्हणाले. त्यांनी ठरवलं आणि मी मान्य करून घरी आले. इतकी वर्षं मी आईचे हात कुणाच्या डोळ्यांनी बघत होते? माझे स्वतःचे हात?

मीही एक घेतली. आई म्हणाली, "रविवारी बोलावलंय न्हवं तुला? जा. पर साक्ष द्यायची तर खरी द्यायची."

साक्ष म्हणजे मंडळीपुढं उभं राहून देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. कॅम्पातल्या त्या मोठ्या चर्चच्या हॉलमध्ये मी गेले. टीचरच्या ओळखीच्या बाया, कुणी शाळेतल्या, कुणी बँकेतल्या. मला पुढं खुर्ची दिली होती, वाटायच्या ब्लँकेटांच्या ढिगाशेजारी. टीचर माइकवर उभ्या राहिल्या.

"ही आपली बहीण. आमच्या सोसायटीत कचरा नेते. पण तोंडावर बघा कसा आनंद. तक्रार म्हणून कधी नाही. आपण हिच्याकडून शिकलं पाहिजे."

टाळ्या वाजल्या. मी उठले. माइकची उंची कुणी कमी केली नाही, मी टाचा उंचावून बोलले.

"सलाम. माझ्या आईनं नाताळला करंज्या केल्या. मी हात धुऊन, साडी बदलून टीचरना नेऊन दिल्या. नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्या मला त्यांच्या कचऱ्यात मिळाल्या. गाठ सोडलेली नव्हती. टीचर मला म्हणाल्या, खुसखुशीत झाल्या होत्या. त्या कचऱ्यातल्या करंज्या माझ्या आईनं खाल्ल्या. मीही खाल्ल्या. खरंच खुसखुशीत होत्या. माझी साक्ष संपली."

मंडळाच्या अध्यक्षीण बाई हळूच म्हणाल्या, "बहीण, हे आपण नंतर बाहेर बोलू या का?" टीचर लाल झाल्या होत्या. "अगं, राग मानू नकोस. तुझं काम हे असं. हायजीनचा प्रश्न असतो. आणि आपण ख्रिस्ती आहोत ना? मनात धरून ठेवू नये. क्षमा करावी."

"क्षमा केली, टीचर," मी म्हणाले. "पण पुन्हा खुसखुशीत म्हणू नका."

ब्लँकेट घेतलं नाही. दारापर्यंत जाताना एकीनंही माझ्याकडे बघितलं नाही. सगळ्या आपापल्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

पुढं जे व्हायचं ते झालं. सोसायटीतून तक्रार गेली. सुपरवायझर म्हणाला, "मावशी, म्हाताऱ्या बाईचा चारचौघांत अपमान कशाला करायचा?" मी विचारलं, माझ्या म्हातारीचं काय? तो मोबाइल बघायला लागला. काम राहिलं, कारण ते जिने चढायला दुसरं कुणी तयार नव्हतं. टीचरची बादली दारातून हलून जिन्याच्या तोंडाशी आली. सलाम बंद झाला.

आणि माझी प्रार्थनाही बंद झाली. आमच्या पत्र्याच्या खोलीत जायचे, पण डोळे मिटले की जाळीच दिसायची. बाया गायच्या, मी ओठ मिटून बसायचे. एका पहाटे आई उंबऱ्यापाशी आली, तेच म्हणाली, "जा. त्यो म्होरं गेलाय." माझा तोल सुटला.

"कुठं गेलाय म्होरं? तिसऱ्या मजल्यावर? टीचरच्या घरात?"

आई शांतपणे म्हणाली, "दार बंद आसल्यावर त्यो आत कसा जाईल? त्योबी भाइरच हुबा आसंल. तुझ्या बादलीपाशी."

त्या दिवशी जिना चढताना, कितीतरी आठवड्यांनी, मी पुटपुटत प्रार्थना केली. माझी. माझ्या शब्दांत. ओझं हलकं कर असं त्यात नव्हतं. माझी मान ताठ ठेव, एवढंच होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा टीचरचं लाकडी दार उघडलं. त्या खंगल्या होत्या. मला वाईट वाटलं, वाटणारच. जाळीमागून म्हणाल्या, "किती दिवस झाले गं. रुसलीस. ये, प्रार्थना करू." आणि हात वर केला.

मी बादली खाली ठेवली. हातमोजे काढले.

"दार उघडा, टीचर. बाहेर या. माझा हात हातात घ्या. मग करू."

त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. त्यांचा हात तसाच वर, अर्धवट. मी थांबले. खरंच थांबले, मला ते दार उघडायला हवं होतं. मग त्या म्हणाल्या, "आज जरा घाई आहे गं." लाकडी दार लागलं. मी हातमोजे चढवले आणि चौथ्या मजल्यावर गेले.

टीचरचा कचरा मी आजही नेते. ते माझं काम आहे आणि मी ते चोख करते. येत्या नाताळला करंज्या होतील. पिशव्या नाहीत, लोकर नाही, जिने चढून वाटणं नाही. ज्याला खायच्या त्यानं येरवड्याला यावं, चटईवर आईशेजारी बसावं आणि तिच्या हातून घ्याव्यात. टीचर आल्या तर त्यांनाही तीच चटई. साक्ष मागितली तर हीच देईन, माइक कितीही उंच असो. आणि बंद दाराआडून कुणी माझ्यासाठी प्रार्थना केली, तर मी डोळे उघडे ठेवून उभी राहीन. आमेन म्हणणार नाही.