सरांचा सत्कार आणि सुधाताईंचं नाटक

कुंपणापलीकडे प्रोफेसर राहत असले की किस्से गोळा करावे लागत नाहीत. सुधाताईंच्या झाडाची लिंबं जशी आपसूक आमच्या बाजूला पडतात, तसे हेही पडतात. मी फक्त वेचते. जरा कुंपणाला टेकून उभी राहते, एवढंच.

सुधाताईंचे यजमान, म्हणजे आमचे सर, इथे वेलिंग्टनला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकवतात. शिकवणं कमी, कमिट्या हीप्स, अगदी ढिगाने! एकदा विचारलं, "कमिटीत चांगलं काम केलं की काय मिळतं हो, सर?"

"दुसरी कमिटी."

*

नव्या ओव्हनची वायर जोडून द्या म्हणून मी हक्काने गेले. सर म्हणाले, "बोर्डाला हात लावायला लायसन्स लागतं. माझ्याकडे नाही."

"इतके मोठे प्रोफेसर तुम्ही! कुठल्या शहाण्याने केला हा नियम?"

सरांनी चष्मा पुसला. "त्या कमिटीचा अध्यक्ष मीच होतो."

*

सरांच्या सन्मानचिन्हांतलं सगळ्यात जड, काचेचं, सुधाताई पनीर दाबायला वापरतात. एकदा ऑकलंडचे एक बडे पाहुणे जेवायला आले आणि थेट स्वयंपाकघरात शिरले.

"हे मीच दिलं होतं ना सरांना?"

"म्हणूनच पनीर इतकं छान होतं," सुधाताई म्हणाल्या.

*

सुधाताईंचं दुखणं एकच. मुलीचं गॅदरिंग असो, लग्नाचा वाढदिवस असो, सर मीटिंगमध्ये. इथल्याच जॉन्सनव्हिलच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचं नाटक ठरलं आणि सुधाताईंना आयुष्यात पहिल्यांदा मोठी भूमिका मिळाली. तेव्हा त्यांनी बजावलं, "अहो, प्रॉम्प्टिंग तुम्हीच करायचं. विंगेत तुम्ही दिसला नाहीत तर मला एक ओळ आठवायची नाही."

सर हो म्हणाले. मग कळलं, त्याच संध्याकाळी ऑकलंडला त्यांचा सत्कार. आयुष्यभराच्या सेवेबद्दल, मोठं डिनर वगैरे.

सुधाताई आठवडाभर रुसलेल्या. माझ्यावरसुद्धा, म्हणजे बघा.

शनिवारी सर विंगेत हजर! हातात नाटकाची वही, समोर स्टुलावर लॅपटॉप. ऑकलंडवाल्यांनी व्हिडिओ कॉलवर सत्कार करायचं मान्य केलं होतं. मी शेजारीच, साड्यांच्या पिना घेऊन. लॅपटॉपच्या पडद्यावर सुटाबुटातली मंडळी, सगळे तिथलेच गोरे साहेब, मराठीचा गंध नसलेले. त्यांचे अध्यक्ष बारीक आवाजात सरांचं कौतुक करत होते. शेवटी म्हणाले, "प्रोफेसर, दोन शब्द बोला."

नेमक्या त्याच क्षणी स्टेजवर सुधाताई अडल्या. नाटकातल्या नवऱ्याला खडसावायचा प्रसंग, आणि तोंडून शब्द फुटेना. त्यांनी विंगेकडे पाहिलं.

सर कुजबुजायचंच विसरले. लॅपटॉपसमोर उभे राहून खणखणीत आवाजात वहीतली ओळ म्हणाले, "खूप वर्षं राबले तुमच्यासाठी. आता पुरे! उद्यापासून मला हाक मारू नका."

सुधाताईंनी ओळ उचलली ती अशी, की पुढे कुठे अडल्याच नाहीत.

लॅपटॉपमध्ये सगळं ऑकलंड उभं राहून टाळ्या वाजवत होतं.