गुंजभर फरक

ती घटना मी आजही विसरलेलो नाही. आठवली की आधी डोळ्यांसमोर सराफाचा तराजू येतो. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी चाकण भागात फौजदार होतो. पिंपरीकडे कारखाने नुकते उभे राहत होते. आमच्या हद्दीत मात्र ज्वारी, रानडुकरे आणि बांधावरची भांडणे.

एका शेतकऱ्याच्या मांडीत रायफलीची गोळी घुसली. शेजाऱ्याशी त्याचे बांधावरून हाडवैर होते आणि शेजाऱ्याकडे डुकरांसाठी परवान्याची रायफल होती. मी रायफल जप्त केली, शेजाऱ्याला अटक करून कोर्टाकडून कोठडी घेतली आणि गुन्हा उघडकीस आला असे समजून मोकळा झालो. ज्वारी काढणीला आली होती. त्या शेजाऱ्याची बायको रोज भाकरी घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसायची.

"सायेब, म्या न्हाई मारलं," एवढेच तो म्हणायचा. असे सगळेच म्हणतात, म्हणून मी ऐकले नाही.

घटनास्थळी पाच न उडालेली काडतुसे सापडली होती, सगळी हाताने भरलेली. तशीच काही शेजाऱ्याच्या घरीही मिळाली. तिसऱ्या दिवशी आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, आतली दारू एकदा तोलून तरी बघू." मला हसू आले, पण पंचांना घेऊन सराफाकडे गेलो. अटकेतला शेजारी तपकिरीच्या डबीच्या झाकणाने दारू भरायचा. एकात कमी, दुसऱ्यात जास्त. घटनास्थळची पाचही मात्र तंतोतंत सारखी निघाली. गुंजेचाही फरक नाही.

म्हणजे भरणारा हात दुसराच होता. एका हॉटेलवाल्या खबऱ्याने सांगितले, की भोसरीत राहणारा, कारखान्यात फिटर असलेला एक निवृत्त जवान चोरून काडतुसे भरून देतो. त्याला आणले. सकाळपासून दुपारपर्यंत त्याचे एकच पालुपद: "मला त्यातलं काही कळत नाही."

शेवटी मी हवालदारांना मोठ्याने सांगितले, "लिहा. पाचही काडतुसांत दारू कमीजास्त. काम अगदी अडाण्याचं."

तो ताडकन उठला. "तोलून बघा, साहेब! गुंजभर फरक निघाला तर मिशी उतरवीन!"

बोलून गेल्यावर तो मटकन खाली बसला. मग सगळे सांगितले. काडतुसे जखमीच्या सख्ख्या भावाने नेली होती. त्या भावाला उचलले, तेव्हा जमिनीच्या वाटणीवरून आपणच लपवून ठेवलेल्या रायफलीने गोळी झाडल्याचे त्याने कबूल केले.

जबाबावर सही करताना जवान हळूच म्हणाला, "शिक्षा होऊ द्या. तेवढं कमीजास्तचं वाक्य खोडा." हवालदारांनी ते लिहिलेच नव्हते. कागद दाखवला तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

शेजाऱ्याला सोडताना मी म्हणालो, "चुकलं माझं."

"व्हय," तो म्हणाला. "पर चार दिसांत निम्मी ज्वारी डुकरांनी खाल्ली. रायफल तुमच्या कपाटात व्हती."

जवानाने बेकायदा काम करतानाही प्रत्येक काडतूस तोलले होते. मी कायद्याच्या नावाने एका माणसाला नुसत्या अंदाजावर आत टाकले होते. पुढे कुणाच्याही अटकेच्या कागदावर सही करताना मला ती निम्मी ज्वारी आठवायची, आणि मी पेन खाली ठेवून कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायचो.