मी मागून दिलेलं वाक्य

त्या दिवशी सकाळी मी पूजा घाईत उरकली. रोज मारुतीसमोर थोडा वेळ डोळे मिटून बसतो, तेही बसलो नाही... माझी पोरगी रेवती शिबिरात एवढी हसते तरी कशाला, ते मोहाडीला जाऊन बघायचं होतं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतंच. आमच्या गावचं नाटक कित्येक वर्षं मी बसवतो, पुस्तक घेऊन मागून वाक्यं द्यायचं प्रॉम्प्टिंगही मीच करतो. रेवती सातवीपासून माझ्या नाटकात आहे. यंदा अकरावीची परीक्षा झाली आणि ती मोहाडीच्या नाट्यशिबिरात जाऊ लागली.

शिकवायला नागपूरची एक तरुण मुलगी. घरी रोज तिचंच... ताई असं म्हणाली, ताईने तसं करून दाखवलं. बायको एकदा म्हणाली, "आता माह्या भातातबी हिले ताई दिसून राहिली." सगळे हसले. मी पाणी प्यायलो.

माझ्या तालमीवरून आल्यावर रेवती न बोलता जेवायची आणि झोपायची. हे तेव्हा कधी खटकलं नव्हतं...

शाळेच्या हॉलमध्ये मागे खुर्ची घेऊन बसलो. ना पडदा, ना पुस्तक. पोरं गोल उभी राहून नसलेला चेंडू फेकत होती. एकाने तो नसलेल्याच चिखलात पाडला, तर रेवतीने ओढणीने पुसून पुढे दिला. हे कसलं नाटक, असं मनात आलं... आणि माझ्याकडे असताना ती अशी का नव्हती, हेही आलं.

मग दुसरा खेळ. समोरचा जे बोलेल ते खरं मानायचं आणि त्यात आपलं काही घालायचं, एवढाच नियम. रेवती आजी झाली, कुणाल नावाचा मुलगा बस कंडक्टर.

"आजी, तुमची बकरी सीटवर बसली जी."

"बसू दे ना बापू. पहिल्यांदा माहेरी जाऊन राहिली ते."

हॉल हसला. मलाही हसू येत होतं, मी ते दाबलं.

"अन् तुमी कुठं चालल्या, आजी?"

रेवती थांबली. खिडकी असावी तशी बाजूला बघत राहिली. हॉल शांत झाला... आणि इतक्या वर्षांची सवय, स्टेजवर अशी शांतता पडली की माझं तोंड आपोआप उघडतं. मागून मी वाक्य दिलं, "मले कोनी नाही रे बापू, मी देवाघरी चालली."

रेवतीने ते जसंच्या तसं उचललं. मी शिकवलेल्या रडक्या सुरात. कुणालला पुढे काही सुचेना आणि खेळ तिथेच मोडला.

खरं सांगतो, आधी मला बरं वाटलं... पोरगी अजून माझंच ऐकते.

ताई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "काका, तिच्याजवळ काहीतरी होतं. येऊ द्यायचं होतं."

परतताना रेवती गाडीवर मागे बसली होती. तलावाच्या पाळीवर आल्यावर मागून म्हणाली, "बाबा, काहून बोलले जी मधात?"

"तू अडकली होती ना."

"अडकली नव्हती. आजी कुठं चालली ते मले दिसूनच राहिलं होतं."

"कुठं चालली होती?"

"आता कसं सांगू... गेलं ते."

त्यानंतर मारुतीसमोर बसलो की पंचाईत व्हायची. पोरीचं चांगलं होऊ दे, असं म्हणायचो आणि लगेच मनात यायचं... पण माझ्या हातून होऊ दे. देवाला तरी काय फसवणार.

शिबिर संपलं, पाऊस झाला, धान निसवून लोंब्या आल्या. काय करायचं ते मनात कधीच ठरलं होतं, तोंडातून निघत नव्हतं. काल गावच्या नाट्यमंडळाच्या बैठकीत एकदाचं बोललो, यंदाचं नाटक पोरांचं. नागपूरची ताई बसवेल, पुस्तक नसेल.

आमचे अध्यक्ष बाजीरावभाऊ म्हणाले, "पुस्तक नाही तं नाटक कायचं गा? अन् तू काय करशीन?"

"पब्लिकमंधी बसीन."

"अन् पोरगी बोलता बोलता थांबली तं?"

"थांबू देजा तिले."

आज सकाळी ताईला फोन लावून आमंत्रण दिलं. ती लगेच हो म्हणाली. रेवतीला ही बातमी सांगायची मला फार इच्छा होती, तिचा तो चेहरा बघायचा होता... पण म्हटलं, "तिला तुम्हीच सांगा."

मत्सर गेला असं म्हणणार नाही. पण एवढं हातून करवून घेतलं, देवाची कृपा.

थोड्या वेळाने आतल्या खोलीत रेवतीचा फोन वाजला. मी चपला घातल्या आणि शेताच्या बांधाकडे निघून गेलो.