मुखेडचा चंद्र आणि तीन बोटं पाइप

कांबळे सरांचा फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी रक्तातल्या पेशी मोजत होते. लातूरच्या एका लॅबमध्ये माझं हेच काम. "तू सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून फोटो काढतीस म्हणं," सर म्हणाले. "माझ्या दुर्बिणीला लावून दे. डोळ्यानं आता न्हाई दिसत."

सर मला मुखेडच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर अकरा महिने काचेवर काच घासून त्यांनी सहा इंची आरसा केला आणि कोरड्या गेलेल्या बोअरच्या उरलेल्या केसिंग पाइपात बसवला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली. कडेचं दिसतं; ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच दिसत नाही. परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. दुर्बिणीच्या इवल्याशा भिंगात अशी नजर कामाची नाही. पण टीव्हीवर मोठा चंद्र आला, तर कदाचित दिसेल, असा त्यांचा अंदाज होता.

मी लगेच हो म्हणाले. सूक्ष्मदर्शक काय नि दुर्बीण काय, शेवटी नळीच. हा शहाणपणा पुढे अंगाशी आला.

तुम्हाला असा प्रयोग करायचा असेल तर शुद्ध अष्टमीच्या आसपासचा दिवस धरा. अर्धा चंद्र दुपारीच वर आलेला असतो आणि उजेड-अंधाराच्या काठावरचे खड्डे ठळक दिसतात. पौर्णिमेचा चंद्र फोटोत अगदी सपाट येतो. कॅमेऱ्याची लेन्स काढून तिथे टी-रिंग नावाची कडी बसते. कडीच्या पुढे एक छोटी नळी असते, ती दुर्बिणीत भिंगाच्या जागी जाते. कडी आपल्याच कॅमेऱ्याच्या मापाची घ्या. मी पहिली चुकीची मागवली होती. टीव्हीसाठी एचडीएमआय केबल लागते, ती लांब घ्या.

संक्रांत होऊन गेली होती. लातूरहून सकाळच्या एसटीने चाकूर, शिरूर ताजबंद आणि तिथून जांबमार्गे मुखेड. शिरूरला उतरून भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा गरम सुशीला खाल्ला. वर शेंगदाणे सढळ हाताने होते. पुढच्या गाडीत कंडक्टरने माझ्या पिशवीकडे बोट केलं.

"फुटायचं हाय का काही?"

"कॅमेरा आहे."

"मग मांडीवर घ्या. लई आदळती गाडी."

घेतला. तुम्हीही घ्या. दोन्ही बाजूंना हरभरा होता, तुरीची रानं मोकळी झाली होती.

सरांच्या घरी जय भीम झाला, पाणी झालं. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, दुर्बिणीवरची जुनी साडी काढली. चार वाजता चंद्र पूर्वेला फिकट दिसू लागला. अंगणात स्टुलावर टीव्ही मांडला, केबल लावली. पडद्यावर नुसता पांढरा फराटा. दुर्बिणीचं चित्र स्पष्ट करायचं बटण फिरवत कॅमेरा आत नेला, पार टोकाला. फराटाच.

चूक लक्षात यायला अर्धा तास गेला. कॅमेऱ्यातला चित्र पडायचा पडदा पार मागे असतो, म्हणून कॅमेरा भिंगापेक्षा बराच आत जावा लागतो. सरांनी सगळं भिंगाच्या मापाने केलेलं, आत जायला दोराभरही जागा ठेवलेली नव्हती. एकच उपाय: खालचा आरसा तीन बोटं वर आणायचा. आरशाची तबकडी पाइपच्या खालच्या तोंडाला झाकणासारखी बसवलेली, म्हणजे पाइपच कापायचा. आणि आरसा पुन्हा सरळ बसला नाही, तर ती दुर्बीण कुणाच्याच कामाची राहणार नव्हती. तो सरळ बसवणारे डोळे आता नव्हते.

मी म्हणाले, "सर, राहू द्या. लातूरहून दुसरं काही मागवून बघते."

सरांनी पाइपचं खालचं तोंड हाताने चाचपलं. मग म्हणाले, "आधी तू भिंगातून एकदा बघून घे. मग आरी आण."

मी बघितलं. चंद्र स्वच्छ होता. मला वाईट वाटलं.

सरांनी आरसा काढून काकूंच्या हाती दिला. पाइपाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि तिची कड बोटाने चाचपत स्वतः कापला. मी फक्त धरून बसले. मग आरसा बसवला. मागचे तीन बोल्ट मी फिरवत होते, सर बाजूला उभं राहून सांगत होते. "नळीतून बघ. तुझा डोळा मधोमध दिसला पाहिजे. दिसतो का?"

"थोडा खाली आहे."

"मग घाई करू नको."

दिवस मावळला तेव्हा टीव्हीवर चंद्र आला. काठावरचा खड्डा अन् खड्डा दिसत होता. मी सरांकडे बघितलं तर ते टीव्हीकडे बघतच नव्हते. मान वळवून शेजारच्या रांजणाकडे बघत होते. मला वाटलं, संपलं.

"काठ दातेरी हाय," सर रांजणाकडे बघत म्हणाले. "खालच्या अंगाला तीन खड्डे, एकाला एक लागून. हायेत ना?"

"हायेत, सर."

शाळेत त्यांनीच शिकवलं होतं: अंधुक तारा दिसत नसेल तर त्याच्या जरा बाजूला बघा.

चंद्र पडद्यावरून सरकत होता. सरकला की सर हाताने पाइप इतका हलकासा ढकलायचे की तो परत मधे यायचा. हे त्यांना बघून करावं लागत नव्हतं. काकू भाकरी थापायच्या सोडून दारात उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लातूरला पोचले. कापलेली पाइपची कडी काकूंनी पिशवीत टाकली होती. ती आता टेबलावर असते. पोस्टसोबत चंद्राचा फोटो का नाही, असं कुणीतरी विचारणारच. फोटोसाठी कॅमेऱ्याचं बटण दाबलं की टीव्ही दोन सेकंद काळा होतो. मी एकदाच दाबलं, तेव्हा सर म्हणाले, "गेला का?" आणि तो एक फोटो हलला. त्यानंतर मी बटणाला हात लावला नाही.